इरफानभाईची चूक सापडत नाही

आमच्या ऑफिसच्या दारामागं सात हेल्मेट लटकून आहेत. ऑफिसात माणसं चार, त्यातले दोघं पायी येतात. मंग सात हेल्मेट आले कुठून? कोणालेच सांगता येत नाही. कोणी विसरून गेलं, कोणी नोकरी सोडताना टाकून गेलं, एक तर मीच रस्त्यावरून उचलून आणलं असावं. किस्स्याइचंही तसंच असते पाहा. मुद्दाम कोणी जमवत नाही. दार जोरात उघडलं का सगळे एकमेकांवर आपटून वाजतात, अन तेव्हा ध्यानात येते, बाप्पा, हे तर लयच झाले!

मी शालिक. हुद्दा ऑफिसबॉय. वय त्रेसष्ट! आठवीपर्यंत शाळा शिकलो, अन पुढं बावीस वर्षं अकोल्याच्या एका शाळेत शिपाई होतो. म्हणजे शाळेत तसे लय वर्षं काढले, फक्त बाकावर कमी अन घंटेखाली जास्त. रिटायर झाल्यावर अमरावतीले पोरीकडं आलो अन घरी बसून जावयाच्या खोड्या काढू लागलो. तिसऱ्या महिन्यात जावयानंच धावपळ करून मले ही नोकरी पाहून दिली.

ऑफिस भांड्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. खाली भांडे वाजतात, वर कीबोर्ड. आमची एक वेबसाइट आहे. कोचिंग क्लासवाले, दवाखान्यावाले, जनावराचे डॉक्टर तिच्यावर मेसेज लिहून ठेवतात अन केव्हा पाठवायचा ते सांगून ठेवतात. कोणाले रोज, कोणाले दर सोमवारी, कोणाले महिन्यातून एकदा. मंग वेळ झाली का तो मेसेज आपोआप जाते. हे सगळं यंत्र इरफानभाई नावाच्या अकोल्याच्या एकट्या पोट्ट्यानं बांधलं.

आता इरफानभाई इथं नाही. सहा महिने झाले. अकोल्याले बापाच्या गादीच्या दुकानात बसते, अन इतके दिवस रिकाम्या वेळात आपली एक चूक शोधत होता. सापडत नव्हती. सापडन कशी? ती त्यानं केलीच नव्हती. मी केली होती.

हे लय दिवस फक्त मले माहीत होतं. आता तुमाले.

* * *

नवीन होतो तेव्हाची गोष्ट. मी इरफानभाईले विचारलं, "रविवारी ऑफिसले कुलूप असते. मंग रविवारचे मेसेज पाठवते कोण?"

तो म्हणे, "शालिकभाऊ, शाळेत टोल कोण दे?"

"मी."

"कसा देत?"

"भिंतीवर कागद होता, वेळा लिहून. घड्याळ पाहाचं, कागद पाहाचा, वेळ झाली का टोल द्याचा."

"बस! तसाच एक शालिक मी आत बसवला हाय. तो दर मिनिटाले उठते, कागद पाहते. कोणाची वेळ झाली असन तर टोल देते. नाही झाली तर गुपचूप बसते."

"त्याले चहा?"

"लागत नाही."

"सुट्टी?"

"घेत नाही."

"मंग त्याले पोरगी द्याले हरकत नाही," मी म्हटलं. "आमच्या जावयाले तरी दाखव त्याले एकदा!"

मंग मी त्याले माझा शाळेतला पराक्रम सांगितला. एक दिवस मी गंमत म्हणून शेवटचा टोल दीड तास आधी दिला. सगळी शाळा सुटली! पोट्टे पळाले, मास्तर पळाले, अन गेटातून सगळ्यात आधी सायकल काढली ती हेडमास्तरनं. दुसऱ्या दिवशी मले बोलावून म्हणते, "शालिक, काल दिवस जरा लवकर गेला, नाही का रे?"

इरफानभाई टेबलावर डोकं ठेवून हसला. हसणं झाल्यावर मात्र म्हणे, "शालिकभाऊ, मले याचंच भेव वाटते. एकदा टोल पडला का घड्याळ कोणीच पाहत नाही."

मी तेव्हा हे हसण्यावारी नेलं. ते ध्यानात ठेवलं असतं तर आज हे लिहायची पाळी आली नसती.

त्या दिवसापासून आतल्या त्या यंत्राचं नावच त्यानं 'शालिक' ठेवलं. स्क्रीनवर यायचं, शालिक चालू आहे. एकदा सरांकडं एक मोठा गिऱ्हाईक बसला होता, मी चहा घेऊन आत गेलो, अन मागून प्रणिता मॅडम ओरडली, "सर, शालिक मेला!" सर मान वर न करता म्हणतात, "परत उठव त्याले." गिऱ्हाईकाचं तोंड उघडंच! मी त्याच्यासमोर कप ठेवला अन म्हटलं, "घ्या साहेब. तेरवीचा आहे."

* * *

ही प्रणिता मॅडम म्हणजे इरफानभाईनं केलेलं काम तपासणारी. वय सव्वीस, आवाज सासूचा. तिनं तपासूनही जो घोळ सुटला तो असा.

अमरावतीतला एक क्लास होता. त्याच्या सरांनी मेसेज लावला, "उठा! सहाच्या तासाला वेळेवर या." वेळ टाकली पहाटे साडेपाचची. आता आमचा सर्व्हर काही अमरावतीत नाही. तो परदेशात कुठंतरी भाड्यानं राहते, अन त्याचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागं. इरफानभाई त्याले सांगायलाच विसरला का बाबा, आपण अमरावतीच्या वेळेनं चालतो.

झालं! मेसेज गेला दिवसा अकरा वाजता. भरल्या वर्गात सगळ्या पोराइचे फोन एकदम थरथरले. "उठा!"

सरांचा फोन आला. इरफानभाईनं फोन घेतला अन माफी मागाले तोंड उघडलं, तेवढ्यात तिकडून सर म्हणतात, "नाही नाही, तक्रार नाही. मागच्या बाकावरचे तिघं खरंच उठले! रोज अकरालाच ठेवता येईल का?"

* * *

आमच्या सरांची सवय अशी का काम वाढलं का सामान वाढवायचं. मेसेज जास्त झाले म्हणून त्यांनी दुसरा सर्व्हर घेतला. इरफानभाईनं सांगितलं होतं, "सर, दोन दिवस थांबा, मी नीट पाहतो." सर म्हणाले, "पाहत काय बसतो? लावून टाक!"

दोन सर्व्हर झाले. म्हणजे आत शालिकही दोन झाले. दोघांजवळही तोच कागद. वेळ झाली का हाही टोल दे अन तोही टोल दे!

बार्शीटाकळीच्या एका जनावराच्या डॉक्टरनं मेसेज लावला होता, "उद्या सकाळी नऊ वाजता म्हैस लसीसाठी घेऊन यावे." प्रत्येकाले दोन-दोन मेसेज गेले. अन दुसऱ्या दिवशी डॉक्टरच्या दारात रस्ता बंद!

एक जण दोन म्हशी घेऊन हजर. डॉक्टर म्हणे, "तुमच्या नावावर तर एकच आहे." तो म्हणे, "मेसेज दोन आले ना साहेब. एक माही, दुसरी साळ्याची आणली. तुमचं बोलावणं कमी कावून पडू द्याचं?"

त्याच्यामागं एक चाचा उभा. त्याच्या एका हातात म्हशीची दोरी, दुसऱ्या हातात बकरीची. डॉक्टरनं नुसतं पाहिलं त्याच्याकडं. चाचा म्हणे, "म्हैस एकच हाय साहेब. दुसऱ्या मेसेजवर बकरी आणली. चालन का?"

डॉक्टरनं हे सगळं फोनवर ओरडून सांगितलं, अन इरफानभाई बिचारा "जी, जी" करत उभा राहून ऐकत होता. फोन ठेवला अन पहिला प्रश्न मले, "शालिकभाऊ, तुमच्या शाळेत घंटा एक अन शिपाई दोन असते तर काय केलं असतं?"

मी म्हटलं, "घंटेच्या दांड्याले कुलूप. चावी जो आधी घेईन त्यानं वाजवाची, दुसऱ्यानं उगी राहाचं."

त्यानं तेच केलं. आठवी शिकलेल्या माणसाच्या सांगण्यावरून दोन सर्व्हर चालले, हे मी जावयाले चारदा सांगितलं. पाचव्यांदा तो उठून गेला.

* * *

पण चावीचं दुखणं चावीवाल्यालेच माहीत. एक दिवस सकाळपासून एकही मेसेज जाईना. दोन्ही सर्व्हर वरून पाहाले जिवंत, कागद जागेवर, अन टोल काही पडेना. अन त्याच दिवशी मी भाचीच्या साखरपुड्यासाठी अकोल्याले गेलेलो, ऑफिसची चावी माझ्या खिशात!

सगळं ऑफिस जिन्यावर उभं. इरफानभाईचा फोन आला.

"शालिकभाऊ, चावी कुठं हाय?"

"माझ्या खिशात."

"अन तुमी?"

"पंगतीत. जिलबी वाढून राहिले."

मले वाटलं आता शिव्या देते. पण तो फोन कानाले तसाच ठेवून प्रणिता मॅडमले म्हणे, "मॅडम, समजलं! एक सर्व्हर चावी खिशात घालून मधातच बंद पडला असन, अन दुसरा जिन्यावर उभा हाय!"

तसंच निघालं. त्यानंतर त्यानं आतल्या चावीले मुदत टाकली. ठरल्या वेळात परत नाही आली तर ती चावी रद्द, दुसऱ्याले नवी. मी विचारलं, "माझ्या चावीले मुदत नाही टाकली?" तो म्हणे, "तुमाले मुदत टाकाचं काम वरच्याचं हाय. मी फक्त डुप्लिकेट बनवली."

* * *

एक छोटासाच किस्सा आहे, पण त्याचा फोटो अजून भिंतीवर आहे म्हणून सांगतो.

सरांनी मले हुकूम दिला, "शालिक, दर अर्ध्या तासानं चहा. विचारत बसायचं नाही, आणून ठेवायचा." आता मले असा हुकूम म्हणजे माकडाच्या हाती कोलीत! सर एका लांबलचक फोनवर बसले. मी अर्ध्या तासानं एक कप ठेवला. मंग दुसरा. पहिला भरलेला आहे का रिकामा, पाहिलंच नाही. साडेतीन तासांत टेबलावर सात कप! फाइल ठेवाले जागा नाही. सर फोनवर बोलता बोलता डोळ्यानंच मले शिव्या देत होते अन मी डोळ्यानंच घड्याळ दाखवत होतो.

इरफानभाईनं त्या सात कपांचा फोटो काढला, मोठा छापला अन आपल्या टेबलावरच्या भिंतीवर चिकटवला. खाली लिहिलं, "आधीचं संपल्याशिवाय पुढचं सुरू करू नये." त्याच आठवड्यात त्याचं एक काम दर पाच मिनिटाले सुरू होत होतं अन संपाले सात मिनिटं घेत होतं, म्हणून सर्व्हर गुदमरून पडला होता. त्याची ती आठवण.

सरांले मात्र अजून वाटते का तो तब्येतीचा सल्ला आहे. त्यांनी चहा कमी केला!

* * *

आता आला तो शुक्रवार. हा किस्सा मी इतके दिवस ऑफिसात कोणाले सांगितला नाही. अन मी किस्सा न सांगणं म्हणजे काय, हे मले ओळखणाऱ्याइले समजन.

आमच्या ऑफिसात कपाट अन इरफानभाईचं टेबल यांच्यामधून एकच वाट आहे, अन ती एका माणसाच्या अर्ध्या रुंदीची. तिथून जाणाऱ्याले सगळे ओरडतात, "पोट आत घ्या!" दिवसातून वीसदा. इरफानभाई काही नवीन बनवलं का तपासाले हेच वाक्य स्वतःच्या फोनवर पाठवे.

शुक्रवारी दुपारी तो नमाजले गेला. प्रणिता मॅडम डबा धुवाले गेली, सर जेवाले घरी, अन पाचवा तो हिशेबवाला सुट्टीवर. त्याचा लॅपटॉप उघडा. स्क्रीन सगळी मराठीत, कारण गिऱ्हाइकाइले समजावं म्हणून त्यानंच तशी बनवलेली. चौकटी चारच: कोणाले, काय, केव्हा, किती वेळा. अशी सोपी चीज समोर उघडी पाहून हात स्वस्थ बसते का? मी एका बोटानं टाइप केलं, "पोट आत घ्या." दर पाच मिनिटाले. आतापासून. हिरवं बटन दाबलं अन कप धुवाले पळालो. मले वाटलं, आता हे सगळे परत येतील अन पाचही जणाइचे फोन दर पाच मिनिटाले वाजतील. काय मजा!

पण कोणाचाच फोन वाजला नाही. मले वाटलं, जमलं नाही आपल्याले. आठवी ते आठवीच.

इरफानभाईनं लॅपटॉपवर उघडं ठेवलं होतं ते अकोल्याच्या एका बाळंतपणाच्या दवाखान्याचं खातं. मेसेज गेला त्या दवाखान्यात नाव असलेल्या सगळ्या गरोदर बायाइले. "पोट आत घ्या." पाच मिनिटानं परत, "पोट आत घ्या."

डॉक्टरीणबाईचा फोन आला तेव्हा इरफानभाई नुकताच आला होता. टोपी डोक्यावरच. त्यानं धावत जाऊन दोन मिनिटात सगळं बंद केलं. तोवर प्रत्येकीले नऊ-नऊदा गेला होता. एका बाईनं तर दवाखान्यात फोन करून विचारलं होतं, "बाई, सातवा महिना हाय. आत कसं घेऊ?"

हे ऐकून मी मोरीत तोंडात रुमाल कोंबून हसलो. खोटं कावून बोलू? हसलो.

मंग दुसरा फोन आला. बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यातली पोरगी, पहिलं बाळंतपण, आठवा महिना. तिले वाटलं का आपल्या पोटात काहीतरी बिघडलं म्हणून डॉक्टर घडीघडी सांगून राहिले. घरचे वावरात. ती एकटीच उन्हात एसटीत उभी राहून दवाखान्यात आली होती, रडत. बाळ ठीक होतं. ती ठीक होती. पण डॉक्टरीणबाई सरांले घरी फोन करून म्हणाल्या, "तुमच्या यंत्राले माझ्या पेशंटच्या जवळ येऊ द्यायचं नाही."

रुमाल मी तोंडातून काढला तो काढलाच.

सर आले. विचारलं, "कोणी केलं?"

इरफानभाई म्हणे, "माझ्याच लॉगिननं गेला सर. पण तेव्हा मी मशिदीत होतो. म्हणजे यंत्रानं आपल्या मनानं पाठवला. माझ्या कामात कुठंतरी चूक हाय. मी शोधतो."

सर म्हणाले, "शोध. पण घरी बसून शोध."

मी दारात ट्रे घेऊन उभा होतो. माझ्यावर कोणाची नजरसुद्धा गेली नाही. आठवी शिकलेला म्हातारा लॅपटॉपले हात लावन, असं कोणाच्या सपनातही नव्हतं. जन्मभर मले याचा राग येत होता, का हे लोक मले कायीच समजत नाहीत. त्या दिवशी मी त्याच्याच आड लपलो. ट्रेवरचे कप वाजून राहिले होते. तोंड मात्र वाजलं नाही.

* * *

इरफानभाई गेल्यावर त्याचा कागद, म्हणजे वेळापत्रक, प्रणिता मॅडमकडं आला. त्यात एक ओळ अशी होती का ती काय करते, कोणालेच सांगता येईना. दर सोमवारी कायतरी चाले, पण दिसत कायीच नव्हतं. मॅडम म्हणे, "रिकामं बसून खाते हे." तिनं ती ओळ काढून टाकली.

मी म्हटलं, "मॅडम, असं म्हणून आमच्या शाळेनं एक बाई काढली होती, झाडू मारणारी."

"मंग?"

"पंधरा दिवस कायी झालं नाही. मंग साप निघाला."

इथंही पंधरा-वीस दिवस कायी झालं नाही. अन एक दिवस सगळंच बंद! क्लास बंद, डॉक्टर बंद, आतला शालिकही बंद. मॅडमनं हार मानून इरफानभाईले फोन लावला अन स्पीकरवर टाकला. मागून रुई पिंजायच्या मशीनचा आवाज येत होता.

तो म्हणे, "सोमवारची ओळ काढली का?"

मॅडमनं जीभ चावली.

"ती जुना कचरा फेके. आता जागा भरली असन. आधी कचरा साफ करा, मंग ओळ परत टाका." दोन मिनिटात ऑफिस जिवंत! ज्यानं हे घर कधीचंच सोडलं, त्याले आमच्या घरात कुठं कचरा साचला ते तिथून दिसे.

मंग तो हळूच म्हणे, "मॅडम, त्या शुक्रवारचे लॉग, त्या सगळ्या नोंदी, अजून हाय का? पाठवता का मले? ती चूक सापडली नाही अजून. ती सापडल्याबिगर मले दुसऱ्याचं काम हाती घ्यावंसं वाटत नाही. अमरावतीच्याच दोघाइनं विचारलं होतं, मी नाही म्हटलं. परत कोणाची दोन जिवाची बाई उन्हात धावली तर?"

मॅडमनं डोळे पुसले. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"शालिकभाऊ हाय का तिथं?" तो म्हणे.

मी मॅडमले हातानं खूण केली. नाही म्हण.

* * *

मंग मी एक रविवार धरून अकोल्याले गेलो. सांगून टाकाचं म्हणून.

जुन्या शहरात त्याचं दुकान. समोर दुकान, मागं घर. इरफानभाई भुवयांत कापूस घेऊन बसला होता, हातात गादी झोडायची काठी. मले पाहून उठला, "अरे शालिकभाऊ! या, या! अम्मी, चाय रखो!" मले नव्या गादीवर बसवलं. त्याचा लॅपटॉप गाद्याइच्या थप्पीवर ठेवलेला, शेजारी एक लांब वही.

"हे काय?" मी म्हटलं.

"त्या चुकीची वही. कशानं झालं असन, ते सगळे कारणं लिहिले. एकेक तपासतो अन खोडतो. झाले आता. शेवटचं पान हाय."

मी पान पाहिलं. सगळं खोडलेलं. अन चहा यायच्या आधीच माझ्या तोंडातून निघालं, "इरफानभाई, तो मेसेज मी टाकला होता."

"कोणता?"

"तोच. तू नमाजले गेला होता. मीच बसलो तुझ्या खुर्चीत. गंमत म्हणून. सर विचारत होते तेव्हा मी दारातच उभा होतो, अन बोललो नाही." मी खाली मान घातली. "तुझ्या हाती काठी हाय. मार मले."

त्यानं काठी खाली ठेवली. उठला. मले वाटलं, आता गचांडी धरते. तो थप्पीजवळ गेला, लॅपटॉप घेऊन आला अन माझ्या मांडीले मांडी लावून बसला. तीच चार चौकटीवाली स्क्रीन उघडली.

"दाखवा."

"काय दाखवू?"

"कुठं-कुठं बोट ठेवलं ते दाखवा."

मी दाखवलं. काय, केव्हा, किती वेळा.

"अन 'कोणाले' मध्ये?"

"तिथं कायी नाही केलं बा. तिथं आधीच 'सगळे' लिहून होतं. मी म्हटलं, सगळे म्हणजे आपण पाच जण."

"तुमी हात नाही लावला?"

"आईशप्पथ नाही."

"मंग बटन दाबलं?"

"दाबलं."

"अन त्यानं विचारलं नाही? इतक्या लोकाइले जाते, खरंच पाठवू का, असं कायीच नाही?"

"नाही. दाबलं अन झालं."

मंग त्यानं वही ओढली, शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या, 'आधीच सगळे' अन 'न विचारता पाठवते', अन माझ्या मांडीवर असा जोराचा हात मारला का गादीतला कापूस उडाला. तोंडभर हसून राहिला होता.

"अम्मी!" तो आत पाहून ओरडला. "मिल गई! गलती मेरी ही थी!"